डायोस्कोरियाचे नमुने: आधी वही, मग कात्री

हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, 'डायोस्कोरिया, जात अनिश्चित' असा एक गठ्ठा असतोच. तो उघडला की शीटमागून शीट तेच दिसतं: हृदयाकृती दोन-तीन सुरेख वाळलेली पानं, वीतभर वेल आणि लेबलवर 'डोंगरउतारावरचं जंगल, वेल'. पानं नीट पसरलेली असतात, टाकेही सुबक असतात, पण शीटचा उपयोग शून्य. वेल कोणत्या बाजूला वळत चढत होती, नर होती की मादी, जमिनीखाली काय होतं, यातलं काहीच लिहिलेलं नसतं आणि वाळलेल्या पानावरून ते नंतर काढताही येत नाही.

रानकंदांच्या या कुळात नमुने बिघडतात ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. आधी वेल ओढली जाते, वही नंतर उघडते. वेल आधारावरून सुटली की निम्मी माहिती तिथेच संपते. म्हणून खालचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करा. एखादा टप्पा कंटाळवाणा वाटला तरी वगळू नका.

## १. निघण्यापूर्वी

परवाना. वनक्षेत्राचा परवाना हातात आला म्हणून निश्चिंत होऊ नका, तो वाचा. फांद्या-पानं गोळा करायची परवानगी आणि जमीन खोदायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. या कुळात खोदल्याशिवाय भागत नाही, तेव्हा अर्जातच 'कंदाचा तुकडा' असा स्पष्ट उल्लेख करा. डायोस्कोरिया डेल्टॉइडिया ही हिमालयातली जात साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये आहे. तिचा वाळलेला नमुना सीमेपलीकडच्या संस्थेला पाठवायचा असला तरी कागदपत्रं आधी विचारून घ्या.

वेळ. एकाच फेरीत फूल, पिकलेलं फळ आणि कंद हे सगळं मिळेल अशी आशा धरू नका. बऱ्याच जातींची जमिनीवरची वेल दरवर्षी वाळून जाते. पहिली फेरी फुलांसाठी, दुसरी बोंडं पिकल्यावर. दुसऱ्या फेरीत तीच वेल सापडायला हवी, म्हणून पहिल्याच वेळी खूण करा. धातूची चकती वेलीला बांधू नका. वेल वाळून गळेल आणि चकती पालापाचोळ्यात जाईल. ती बुंध्याशेजारी रोवलेल्या खुंटीला बांधा.

साहित्य. छाटणीची कात्री, पहार आणि खुरपं, रबरी हातमोजे, १० पटीचं भिंग, मोजपट्टी, वर्तमानपत्रं, टिपकागद, पन्हळी पुठ्ठे, दाबपेटी आणि तिचे पट्टे, कागदी पाकिटं, ७० टक्के अल्कोहोलच्या छोट्या कुप्या, सिलिका जेल आणि दोऱ्याचे जाड टॅग. लिहायला पेन्सिल. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि डोंगरातल्या ओलाव्यात शाईपेनाचं काय होतं ते सांगायला नको.

## २. वेल खरंच याच कुळातली आहे का?

दहा सेकंदांचं काम आहे, पण चुकलं तर पुढचा सगळा दिवस वाया जातो. घोटवेलीच्या, म्हणजे स्मायलॅक्सच्या, पानाच्या देठापाशी सहसा तणाव्यांची जोडी असते आणि तिच्या आधाराने वेल चढते. डायोस्कोरियाला तणावा नसतो, खोडच आधाराभोवती वेढे घेतं. पान उजेडात धरा. तळापासून निघालेल्या मुख्य शिरा कमानीसारख्या वळत टोकाकडे एकत्र येतात आणि त्यांच्यामध्ये बारीक जाळी असते. या जाळीमुळेच एकदल वनस्पती आहे हे नवख्याच्या लक्षात येत नाही आणि नमुना गुळवेलीच्या गठ्ठ्यात जाऊन पडतो.

पान संयुक्त असलं म्हणून वेल बाद करू नका. डा. (म्हणजे डायोस्कोरिया) हिस्पिडाला ३ पर्णिका असतात. डा. पेंटाफायलाच्या नावात 'पाच' असले तरी एकाच वेलीवर ३ पर्णिकांची पानंही मिळतात.

## ३. वेलीला हात लावण्याआधीच्या नोंदी

आता थांबा. कात्री पिशवीतच राहू द्या.

वळण्याची दिशा. या कुळातली ही सगळ्यात मोलाची खूण आहे आणि सगळ्यात जास्त वेळा चुकीची लिहिली जाणारीही. चूक डोळ्यांची नसते, शब्दांची असते. 'घड्याळाच्या काट्याप्रमाणे' म्हणजे वरून पाहिल्यावर की खालून? दोघेजण एकच वेल बघून उलटसुलट लिहितात आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं. म्हणून शब्द वापरूच नका, रेघ काढा. आधाराच्या काठीसमोर उभे राहा आणि काठीच्या तुमच्याकडच्या बाजूवरून वेल कशी वर जाते ते बघा. खालून डावीकडून वर उजवीकडे जात असेल तर वहीत / काढा. खालून उजवीकडून वर डावीकडे जात असेल तर \ काढा. काठीच्या कोणत्याही बाजूला उभं राहून बघितलं तरी रेघ तीच येते. पहिलीला उजवं वळण म्हणतात, दुसरीला डावं.

डा. अलाटा आणि डा. ऑपोझिटिफोलिया उजव्या वळणाच्या. कारांदा म्हणजे डा. बल्बिफेरा, डा. पेंटाफायला आणि डा. हिस्पिडा डाव्या वळणाच्या. या एका रेघेने ओळखीचा निम्मा रस्ता संपतो. ती नसेल तर फुलं हातात असूनही अडखळायला होतं.

> सावधान: फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने फोटो काढू नका. काही फोन आरशातली प्रतिमा साठवतात आणि / चा \ होतो. फोटोच्या चौकटीत नमुना क्रमांकाची चिठ्ठी धरा. अक्षरं उलटी दिसली की फोटो उलटा आहे हे कळतं.

ही सूचना मी स्वतःच्या पापातून शिकलो. एकदा वहीत दिशा लिहायची राहिली आणि 'फोटो आहे ना' म्हणून पुढे गेलो. फोटोत वेल स्पष्ट होती, वळण स्पष्ट होतं, पण चिठ्ठी नव्हती. फोटो कोणत्या कॅमेऱ्याने काढला ते आठवेना. तो नमुना अजून गठ्ठ्यातच आहे.

खोड. बुंध्याशी काटे आहेत का, लव आहे का, हे बघा. ताजं खोड आडवं कापल्यावर गोल दिसतं की चौकोनी, कडांना पंखासारख्या पट्ट्या आहेत का, हे पुढे सहाव्या टप्प्यात कापताना लगेच लिहा. डा. अलाटाच्या चार पट्ट्या ताज्या खोडावर स्पष्ट असतात. दाबल्यावर त्या सुरकुत्यांसारख्या दिसतात आणि सुरकुत्या तर कोणत्याही खोडाला पडतात.

पानांची मांडणी. खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी बघा. उजव्या वळणाच्या कित्येक जातींत खालची पानं एकाआड एक आणि वरची समोरासमोर असतात. एकाच ठिकाणचा तुकडा घेतलात की अर्धसत्य शीटवर चिकटतं.

मुळापर्यंत जा. डोळ्यांनी, नंतर बोटाने वेल धरत जमिनीपर्यंत उतरा. दाट जंगलात तीन-तीन वेली एकमेकींत गुंतलेल्या असतात. वरचं फूल एकीचं आणि खालचा कंद दुसरीचा असा नमुना बनला तर तो जन्मभर कुणाला तरी छळतो.

> तपासा: वहीत आता पाच गोष्टी हव्यात: वळणाची रेघ, बुंध्याचं वर्णन, तीन ठिकाणची पानांची मांडणी, वेलीची अंदाजे उंची, कशावर चढली आहे. एखादी नसेल तर पुढे जाऊ नका.

## ४. नर, मादी आणि एक वेल एक क्रमांक

डायोस्कोरियाच्या बहुतेक जातींत नर फुलं एका वेलीवर आणि मादी फुलं दुसऱ्या वेलीवर असतात. फुलं काही मिलिमीटरची, हिरवट नाहीतर पांढुरकी. भिंगाशिवाय अंदाज बांधू नका.

मादी फूल ओळखायची खूण सोपी आहे, पण आधी कुणीतरी दाखवावी लागते. पाकळ्यांच्या खाली जे लांबट देठासारखं दिसतं ते देठ नसून बीजकोश असतो. चिमटीत फिरवून भिंगाखाली बघा, तीन कडा दिसतात. याच कडांचे पुढे बोंडाचे तीन पंख होतात. नर फुलात हा भाग नसतो. तिथे पुंकेसर मोजा: सहाही परागकोशवाले, की तीन पूर्ण आणि तीन वांझ? हा आकडा जात ओळखायच्या प्रश्नमालिकांमध्ये ('की'मध्ये) थेट विचारला जातो. काही फुलं अल्कोहोलच्या कुपीत टाका आणि आत पेन्सिलीने लिहिलेली क्रमांकाची चिठ्ठी घाला. चिठ्ठी कुपीच्या बाहेर चिकटवली तर ती सुटते.

आता सर्वांत जास्त होणारी चूक. नर वेल सापडते, दहा पावलांवर मादी सापडते, आणि दोन्ही एकाच क्रमांकाखाली एकाच शीटवर लागतात. हेतू चांगला असतो, 'जात पूर्ण दिसावी'. पण त्या दोन वेली एकाच जातीच्या आहेत हे तुम्ही गृहीत धरलेलं असतं. डोंगरउतारावर एकाच झुडपात दोन जाती चढलेल्या मी पाहिल्या आहेत.

नियम असा: एक वेल, एक दिवस, एक क्रमांक. मादीला वेगळा क्रमांक द्या आणि दोन्ही नोंदींत एकमेकींचा उल्लेख करा: 'क्र. २१३, मादी, क्र. २१२ पासून ६ मीटर वर, त्याच जातीची असावी.' त्या 'असावी'ला पुढच्या अभ्यासकाच्या लेखी मोठी किंमत आहे. त्याच वेलीवरून पुढच्या फेरीत बोंडं घेतलीत तरी क्रमांक नवा आणि उल्लेख जुन्याचा.

डीएनएसाठी पान घ्यायचं तर ते याच वेळी. कोवळं, निरोगी पान, त्याच्या दहापट वजनाचं सिलिका जेल, हवाबंद पिशवी आणि तोच क्रमांक. दुसऱ्या दिवशी पान कुरकुरीत व्हायला हवं. नसेल तर जेल बदला.

## ५. जमिनीखाली

हातमोजे घाला. या कंदांच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात आणि त्या चांगल्याच खाजवतात. चव घेऊन ओळखायचा पराक्रम करू नका. डा. हिस्पिडाच्या कंदात डायोस्कोरिन हे विष असतं.

वेल धरून कंद ओढू नका. मानेशी तुटतो आणि खाली किती उरला तेही कळत नाही. बुंध्यापासून थोडं दूर खड्डा सुरू करा आणि बाजूने माती मोकळी करत कंदाकडे या. काही जातींचा कंद मीटरभराहूनही खोल जातो. तो पूर्ण काढायची गरज नाही. कंद खड्ड्यात असतानाच पट्टी ठेवून फोटो काढा, मग माथा किती खोल आहे, कंद उभा जातो की आडवा पसरतो, एक आहे की झुबका, मुळ्या कुठे आहेत, हे लिहा.

कापायचा तो खालचा तुकडा. वरचा माथा, जिथून नवा कोंब फुटतो, तो जागेवर ठेवा आणि खड्डा बुजवा. आडव्या वाढणाऱ्या गाठाळ कंदाचा छोटा तुकडा पुरे. आसपास वेली मोजक्याच दिसत असतील तर खोदूच नका, 'कंद पाहिला नाही' असं लिहा. ते लिहिणं कमीपणाचं नाही. न लिहिणं घातक, कारण वाचणाऱ्याला वाटतं की कंद नव्हताच.

कापलेल्या भागाचा रंग त्याच क्षणी लिहा. पांढरा, पिवळसर, जांभळट जो असेल तो. हवा लागली की थोड्याच वेळात पालटतो. मग एक उभी आणि एक आडवी अशी ३ ते ५ मिलिमीटर जाडीची चकती करा, दोन्हींत दोरा ओवून टॅग बांधा आणि दाबपेटीबाहेर, मंद उबेत वाळवा. पानांबरोबर दाबलेला ओला कंद सगळा गठ्ठा कुजवतो.

वेलीवरच्या कंदिका. पानांच्या बेचक्यात लागणारे हे छोटे कंद काही जातींची थेट ओळख असतात. त्यांचा आकार, सालीचा पोत आणि ते वेलीच्या कोणत्या भागावर आहेत हे लिहा. एक अख्खी ठेवा, एक कापून वाळवा. अख्खी कंदिका कागदात गुंडाळलेलीही जिवंत राहते. मी एकदा तीन आठवड्यांनी पाकीट उघडलं तर कंदिकेतून बोटभर पांढरट कोंब निघून कागदाच्या घडीमागे वळत गेला होता, आणि वळणही बरोबर डावीकडचं! कौतुक वाटलं, पण नमुना गेला. ठेवायची कंदिका पूर्ण वाळवा आणि उरलेल्या कचऱ्यात फेकू नका, नष्ट करा. डा. बल्बिफेरा फ्लोरिडात उपद्रवी वेल होऊन बसली ती याच कंदिकांच्या जोरावर.

## ६. दाबणं आणि वाळवणं

हर्बेरियम शीट साधारण ४२ × २९ सेंटिमीटरची आणि वेल काही मीटरची, म्हणून तुकडे करायचेच. पण तीन ठिकाणचे: बुंध्याजवळचा, मधला आणि फुलोऱ्याचा. प्रत्येकाला क्रमांकासोबत 'खालचा', 'मधला', 'वरचा' असा टॅग बांधा. कापून झाल्यावर ढिगातून हे ओळखता येत नाही.

मधल्या भागातला एक छोटा तुकडा बारीक काटकीसकट कापा आणि तसाच दोऱ्याने बांधून वाळवा. वळणाचा हा प्रत्यक्ष पुरावा. वहीतली रेघ चुकली असेल तर इथे सापडते.

एक तरी पान पालथं ठेवा, म्हणजे मागची लव आणि शिरा दिसतील. मोठं संयुक्त पान मुडपा, कापू नका. सगळ्या पर्णिका मोजता आल्या पाहिजेत. नमुना एका शीटवर मावला नाही तर दोन-तीन शीट करा, क्रमांक तोच आणि प्रत्येकीवर 'शीट १/३' अशी खूण.

डोंगरातल्या दमट हवेत ही पानं सावकाश वाळली की काळी पडतात. पहिले तीन दिवस टिपकागद रोज बदला. पन्हळी पुठ्ठ्यांमधून ऊब खेळवता आली तर उत्तम. ४० ते ५० अंश सेल्सिअस पुरे, त्यापुढे पानं ठिसूळ होतात. वाळवायची सोयच नसेल तर वर्तमानपत्रातला गठ्ठा जाड प्लास्टिकमध्ये घालून अल्कोहोलने भिजवा आणि घट्ट बंद करा, आठवडे टिकतो. मात्र रंग जातो आणि डीएनएची आशाही सोडावी लागते. म्हणून सिलिकातलं पान आधी.

बोंडं कागदी पाकिटात ठेवा. पिकलेलं बोंड उकललं की पातळ पंखाच्या बिया उडतात आणि पंख बीभोवती सगळीकडून आहे की एकाच बाजूला, हे ओळखीला लागतं.

> तपासा: वाळलेला नमुना गालाला लावा. गार लागला तर आत ओल आहे, परत पेटीत.

## ७. ठिकाण आणि उंची

पर्वतीय नोंदींत खरा घोळ इथे होतो. अंश-मिनिटांचं दशांशात रूपांतर करताना ४५ मिनिटांचं ०.४५ केलं जातं. मिनिटांना ६० ने भागायचं असतं, म्हणजे ०.७५. ही ०.३० अंशांची चूक अक्षांशात सुमारे ३३ किलोमीटरची होते आणि जंगलातला नमुना नकाशावर सपाट मैदानात उगवतो.

जीपीएसचा आकडा जसाच्या तसा लिहा, सोबत डेटम, म्हणजे ते आकडे ज्या मोजणी-चौकटीवर बेतलेले आहेत तिचं नाव (बहुधा डब्ल्यूजीएस ८४), आणि अचूकतेचा अंदाज मीटरमध्ये. दशांशानंतर चार आकडे म्हणजे अक्षांशात साधारण ११ मीटर. आठ आकडे लिहिल्याने ठिकाण अधिक अचूक होत नाही. दाट झाडीत उपकरण भरकटतं आणि ३० अंशांच्या उतारावर आडवी १०० मीटरची चूक उंचीत जवळपास ५८ मीटरची ठरू शकते. म्हणून उंची वेगळी लिहा आणि ती कशावरून घेतली तेही: उपकरण, उंचीमापक की नकाशा.

शब्दांतलं वर्णन मात्र असं हवं की जीपीएस हरवला तरी माणूस तिथे पोहोचेल: कोणता ओढा, कोणत्या खिंडीपासून किती अंतर, उताराचं तोंड कुठे. 'डोंगरावरचं जंगल' हे वर्णन नव्हे. वेल रानटी आहे की जुन्या वस्तीजवळ लावलेली मागे उरली आहे, हेही नोंदवा. लागवडीच्या जाती माणूस उठून गेल्यावरही तग धरतात आणि 'नवीन ठिकाणी सापडलेली जात' म्हणून नोंदवल्या जातात.

## ८. गोठवणं आणि शिवणं

कंदातल्या पिठामुळे कीड या कुळावर तुटून पडते. वाळलेला नमुना प्लास्टिकमध्ये हवाबंद करून उणे २० अंशाला किमान ७ दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर दंव नमुन्यावर धरतं. कंदाच्या चकत्या शीटवर शिवू नका, वेगळ्या खोक्यात ठेवा. शीटवर 'कंद: खोके' आणि खोक्यावर शीटचा क्रमांक. हा दुहेरी उल्लेख राहिला की दोन्ही अनाथ.

## ९. ओळख आणि संगणकातली नोंद

खात्री नसेल तिथे प्रजातीपर्यंतच, म्हणजे नावाच्या पहिल्या शब्दापर्यंतच (जीनस), थांबा. नुसतं 'डायोस्कोरिया' असं प्रामाणिक लेबल चुकीच्या जातीपेक्षा बरं, कारण चुकीचं नाव एकदा डेटाबेसमध्ये शिरलं की नकाशे त्यावरच बनतात. ठळक उदाहरण डा. ऑपोझिटिफोलियाचं. ही भारतीय उपखंडातली जात, पण चीनमधल्या डा. पॉलिस्टॅकियाला अनेक वर्षं याच नावाने नोंदवलं गेलं. उपखंडाबाहेरची ऑपोझिटिफोलियाची जुनी नोंद दिसली तर आकडेवारीत घेण्याआधी शीटचा फोटो उघडून बघा. तसंच 'टॅमस' या जुन्या नावाखाली शोधल्याशिवाय युरोपातल्या डा. कम्युनिसच्या जुन्या नोंदी पूर्ण मिळत नाहीत, आणि आता याच कुळात धरल्या जाणाऱ्या टाक्का, ट्रायकोपस यांच्या शीट जुन्या संग्रहांत वेगळ्या कुळाच्या कपाटात असू शकतात.

जुनी ओळख चुकीची वाटली तर मूळ लेबलवर काट मारू नका. नवं नाव, तुमचं नाव, वर्ष आणि कारण अशी वेगळी चिठ्ठी लावा. 'वळण डावं, काटकीवरच्या तुकड्यावरून' एवढं कारणही पुरतं.

नोंद संगणकात भरताना लेबलवरचा मजकूर एका रकान्यात शब्दशः ठेवा, तुमचा अर्थ दुसऱ्यात. जुन्या शीटवर फक्त डोंगराचं नाव असेल तर शिखराचे अक्षांश-रेखांश टाकून मोकळे होऊ नका. त्याने जात शिखरावर वाढते असा निष्कर्ष निघतो. डोंगराचा मध्य घ्या आणि अनिश्चिततेच्या रकान्यात पायथ्यापर्यंतचं अंतर भरा, मग ते ४,००० मीटर का असेना. तो रकाना रिकामा असलेल्या पर्वतीय नोंदी मी वितरणाच्या नकाशासाठी वापरत नाही. औषधी म्हणून खणून नेल्या जाणाऱ्या जातींचे नेमके आकडे हर्बेरियमच्या नोंदवहीत राहू द्या. सार्वजनिक नोंदीत दशांशानंतर एकच आकडा ठेवा आणि ठिकाण मुद्दाम ढोबळ केलं आहे असं तिथेच लिहा.